फोटो कशाक काढतंस?

मालवणात कॅमेरा गळ्यात अडकवून फिरताना मला जितक्या वेळा ‘जेवलंस?’ विचारलं गेलंय, जवळजवळ तितक्याच वेळा ‘फोटो कशाक काढतंस?’ हेही विचारलं गेलंय. बाजारपेठेत, बंदर जेटीवर, दांडीच्या किनार्‍यावर, मेढ्यातल्या गल्लीत. प्रश्न तोच, पण दर वेळी त्याच्या मागचं कारण वेगळं. कुणाला दिष्टीची भीती, कुणाला पेपरात नाव येण्याची, कुणाला नुसतीच चीड. माझ्याबरोबर आलेल्या एका मित्राचं मत असं, की हे सगळं अडाणीपण आहे, गावंढळपणा आहे, दुर्लक्ष करावं आणि बटण दाबावं. मला ते पटत नाही. या प्रश्नाला जवळजवळ कॅमेर्‍याइतकाच मोठा इतिहास आहे, आणि गेले काही महिने मी तो जमेल तसा वाचत होते. त्यातलं काही इथे लिहून ठेवते. (मामी, तू हे वाचत असशील तर आधीच सांगते, तुझा फोटो यात कुठेही नाही.)

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली ती 1854 साली. म्हणजे रेल्वे सुरू झाल्याच्या पुढच्याच वर्षी. तिच्या कामात जे देशी सभासद पुढे होते त्यांच्यात डॉ. नारायण दाजी होते, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे भाऊ. हे लाड बंधू मूळचे पेडण्याजवळच्या मांद्र्याचे, म्हणजे तेरेखोलची खाडी ओलांडली की आपलेच. नारायण दाजी स्वतः फोटो काढत. त्या काळचं तंत्र समजून घेतलं की एक मजेशीर गोष्ट लक्षात येते. काचेवर रसायन ओतायचं, ती काच ओली असतानाच कॅमेर्‍यात घालायची, काही सेकंद झाकण उघडं ठेवायचं, आणि वाळायच्या आत अंधार्‍या तंबूत नेऊन धुवायची. हा सगळा लवाजमा घेऊन कुणाचाही फोटो चोरून काढणं शक्यच नव्हतं. समोरचा माणूस हलला तर नुसता धूर दिसायचा. त्यामुळे फोटो काढवून घेणार्‍याला तिथे उभं राहायला तयार तरी करावं लागे, किंवा भाग तरी पाडावं लागे.

भाग पाडण्याचे प्रकारही भरपूर झाले. 1857 च्या उठावानंतर सरकारला हिंदुस्थानातल्या ‘जाती आणि जमाती’ फोटोत पकडून ठेवायची घाई झाली. त्यातून ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा ग्रंथ 1868 ते 1875 या काळात निघाला. माणसाचं नाव बहुतेक ठिकाणी नाही, फक्त जात, आणि तिच्या स्वभावाबद्दल दोन ओळी शेरा. मुंबईत विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने 1863 आणि 1866 मध्ये असेच दोन खंड काढले होते, त्यात तर माणसांचे फोटो वेगळे काढून मागच्या देखाव्यावर चिकटवलेले आहेत. म्हणजे माणूस एकीकडचा, जागा दुसरीकडची. आपल्याला वाटतं फोटो खोटं बोलत नाही. पण तो पहिल्यापासूनच बोलत आलाय.

‘फोटो काढला की आयुष्य कमी होतं’ हे तुम्हीही ऐकलं असेल. माझ्या पणजीचा एकही फोटो घरात नाही तो याच कारणाने. दादासाहेब फाळक्यांच्या चरित्रात एक गोष्ट सांगतात. सिनेमाच्या नादाला लागायच्या आधी ते फोटोग्राफीचा धंदा करत होते, आधी गोध्र्याला आणि मग बडोद्याला. गोध्र्यात प्लेगने त्यांची पहिली बायको आणि मूल गेलं. बडोद्यात धंदा मांडला तर गावात आवई उठली की कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो आणि माणूस मरतो. गिर्‍हाईक येईना. पुढे 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढताना हीच अडचण दुसर्‍या रूपात आली. तारामतीच्या भूमिकेसाठी कॅमेर्‍यासमोर उभी राहायला एकही बाई मिळेना, आणि शेवटी ग्रँट रोडवरच्या एका हॉटेलात स्वयंपाक करणार्‍या अण्णा साळुंके यांना पातळ नेसवलं. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई कॅमेर्‍यासमोर आल्या, पण त्या किती मोठ्या विरोधातून आल्या असतील याची कल्पना आज करवत नाही.

आम्हा मालवणकरांना अण्णा साळुंक्यांचं नवल वाटायचं कारण नाही म्हणा, दशावतारात अजूनही बाईचं काम पुरुषच करतात. एकदा एका जत्रेत देवळाच्या मागे कलाकार रंग लावत बसले होते. पुढ्यात आरसा, बाजूला पेटी, बल्बचा पिवळा उजेड, फोटोसाठी याहून चांगलं काय हवं! स्त्रीपार्ट करणारा एक जण तोंडाला अर्धा रंग लावून बसला होता, मिशा नव्हत्या पण छातीवरचे केस दिसत होते. मी विचारलं. तो शांतपणे म्हणाला, “आता नको. आता मी हयसर पण नाय आणि थयसर पण नाय. पुरो होऊ दे, मगे काढ.” तासाभराने लुगडं, अंबाडा, नथ, सगळं झाल्यावर त्याने स्वतः मला हाक मारून बोलावलं. आरशासमोरचा तो अर्धा चेहरा मात्र माझ्याकडे नाही. आयुष्य कमी होण्याची भीती वगैरे इथे काही नव्हतं. आपण कुठल्या क्षणी दिसायचं हे त्याला ठरवायचं होतं, एवढंच.

आता जरा लांब जाते. कोरड्या काचा आल्या, झडप वेगाने उघडमीट करू लागली, आणि 1888 मध्ये ईस्टमनचा कोडॅक आला. कॅमेरा हातात मावू लागला आणि त्याबरोबर पहिल्यांदा समोरच्याला न विचारता फोटो काढणं शक्य झालं. पुढच्या दोनच वर्षांत, 1890 मध्ये, अमेरिकेत वॉरन आणि ब्रँडाइस या दोन वकिलांनी खासगीपणाच्या हक्कावर तो प्रसिद्ध लेख लिहिला, आणि त्यात झटपट काढलेल्या फोटोंचा आणि वर्तमानपत्रांचा त्रास हे एक मुख्य कारण दिलं. म्हणजे ज्याला आपण ‘प्रायव्हसी’ म्हणतो तो कायद्यातला विचार बर्‍याच अंशी ‘फोटो कशाक काढतंस?’ यातूनच जन्मला. छायाचित्रकारांनी यावर काय केलं, तर लपूनछपून कामं केली. पॉल स्ट्रँडने 1916 च्या सुमारास कॅमेर्‍याला बाजूला एक खोटी काच बसवली, म्हणजे तो दुसरीकडेच बघतोय असं वाटावं. कार्तिए-ब्रेसाँ लायकाच्या चकचकीत भागांवर काळी पट्टी लावायचा. वॉकर इव्हान्सने न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाच्या आत कॅमेरा लपवून लोकांचे चेहरे टिपले, 1938 ते 1941, पण ते पुस्तक निघायला 1966 उजाडलं.

एवढी मोठी माणसं, एवढे सुंदर फोटो. पण त्या प्रत्येक युक्तीचा उद्देश एकच होता, समोरच्याला ‘नको’ म्हणायची संधी मिळू नये. हे माझ्या मनातून जात नाही.

आपल्याकडे सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, 1899 मध्ये मुंबईत हँगिंग गार्डनवर कुस्ती चित्रित केली तेव्हा कुणी हरकत घेतल्याचं काही वाचनात आलं नाही. कुस्तीला माणसं दिसायलाच आलेली असतात. पण त्याच्या दोनच वर्षं आधीचे प्लेगचे फोटो बघा. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईत साथ सुरू झाली, फेब्रुवारी 1897 मध्ये साथीच्या रोगांचा कायदा आला, घराघरांत तपासण्या सुरू झाल्या. पुण्यात त्याचं पुढे काय झालं ते आपण शाळेत शिकलोय, 22 जून 1897, रँड आणि आयर्स्ट. या सगळ्याचे फोटो काढून अल्बम केले गेले आणि ते आजही लंडनच्या संग्रहांत आहेत. इस्पितळात ओळीने झोपलेले रोगी, झोपडीबाहेर उभं केलेलं कुटुंब, घरातलं सामान रस्त्यावर. ते फोटो बघताना मला चेहर्‍यांपेक्षा त्यांच्या उभं राहण्याची पद्धत दिसते. कुणीतरी ‘इथे उभे राहा’ म्हटल्यावर माणूस उभा राहतो तसं. त्या लोकांना ‘फोटो कशाक काढतंस?’ विचारायची सोय नव्हती. पुढे 1920 मध्ये कैद्यांची ओळख पटवण्याचा कायदा झाला आणि पोलिसांना तुमचा फोटो काढायचा अधिकार कागदावरच मिळाला. (तो कायदा 2022 मध्ये बदलला. नवा त्याहून लांब हात पोचणारा आहे.)

म्हणून कुणी म्हणतं ना, की गावातल्या माणसाला कॅमेर्‍याचा संशय येतो ही अंधश्रद्धा आहे, तेव्हा मला वाटतं, नाही हो, हा अनुभव आहे.

मालवणचंच घ्या. 13 एप्रिल 1987 ला मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं, सुमारे 29 चौरस किलोमीटरचं, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूचा समुद्र त्यात आला. मच्छीमारांचा त्याला तेव्हापासून विरोध. समुद्र आपल्या पोटाचा, आणि उद्या इथे जाळं टाकायचं नाही असं कुणीतरी कागदावर ठरवणार, ही भीती. नंतरच्या काळात सर्वे करायला, प्रवाळ बघायला, अहवाल लिहायला माणसं येत राहिली, आणि येणार्‍या प्रत्येकाच्या गळ्यात कॅमेरा. 1997 मध्ये सिंधुदुर्ग देशातला पहिला पर्यटन जिल्हा झाला, 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, मग पर्यटक आले, त्यांच्याही गळ्यात कॅमेरा. किनार्‍यावर उभ्या असलेल्या माणसाने यातला सर्वेवाला कोण आणि हौशी कोण हे कसं ओळखायचं? मग 26 नोव्हेंबर 2008 ची घटना झाली. हल्लेखोर समुद्रातून आले होते, त्यामुळे अख्ख्या किनारपट्टीवर बंदोबस्त वाढला, आणि मच्छीमारांना बोटांचे ठसे आणि फोटो असलेली ओळखपत्रं काढायला लावली. आता गंमत बघा. संशय यायचा तर अनोळखी माणसाचा यायला हवा, पण फोटो काढून घ्यावा लागला तो रोज समुद्रावर जाणार्‍याला.

2011 च्या आसपास दांडीवर एक म्हातारे रापणकर मला हेच म्हणाले होते. रापण म्हणजे माहीत नसलेल्यांसाठी सांगते, होडीने लांबलचक जाळं अर्धवर्तुळात टाकून यायचं आणि मग किनार्‍यावरून दोन्ही टोकांना तीस-चाळीस माणसांनी ते ओढायचं. जी मासळी लागेल तिचे वाटे. त्या दिवशी म्हातारे दोरीच्या टोकाशी बसून दोरी गुंडाळत होते. पाठीवर सूर्य, हातांच्या शिरा, सगळं इतकं छान दिसत होतं की मी एक फोटो घेतला आणि मग जवळ जाऊन दाखवला (ही माझी जुनी पद्धत, काढला की दाखवायचा). त्यांनी कॅमेर्‍याच्या पडद्यावर बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “आमचो फोटो सरकारान काढलेलो आसा. तो पुरो.” मी म्हटलं, काढून टाकू का? तर म्हणाले, “काढून टाक.” मी त्यांच्या समोरच पुसला. मग त्यांनी विचारलं, “कोणाची गो तू?” मी मेढ्यातल्या मामाचं नाव सांगितलं. मग माझ्या आजोबांच्या गोष्टी निघाल्या, चहा आला, तास गेला. तरीही फोटो काढ असं ते म्हणाले नाहीत, आणि मीही पुन्हा विचारलं नाही.

‘कोणाची गो तू?’ हा मालवणातला खरा परवाना. तुम्ही कोणाच्या हे कळलं, की तुम्ही चुकीचं काही केलंत तर कुणाच्या घरी जाऊन ओरडायचं हे समोरच्याला कळतं. त्यावर निम्म्या हरकती मिटतात. ज्याचा इथे मामा नाही त्याने काय करायचं, असं माझा तो पुण्याचा मित्र विचारतो. खरंय, त्याला अवघड आहे. त्याने निदान दोन दिवस कॅमेरा न काढता मासे विकत घ्यावेत.

उरलेल्या निम्म्यांत काही हरकती अशा असतात की त्या ऐकल्यावर मीच कॅमेरा पिशवीत ठेवते. एकदा रापणीला बांगडा भरपूर लागला होता, वाळूवर नुसती चांदी. एक तरुण पोरगा धावत आला. “ताई, मासळेचो फोटो नको. तू टाकतलंस मोबाइलवर, आणि हय मासळी लागली म्हणान उद्या सगळ्यांका कळतला. मगे?” त्याच्या ‘मगे’मध्ये मोठ्या यांत्रिक बोटी होत्या. पर्ससीन जाळ्यांवर राज्य सरकारने फेब्रुवारी 2016 मध्ये निर्बंध आणले, पण पारंपरिक मच्छीमार आणि मोठ्या बोटी यांचं भांडण त्याने संपलेलं नाही. माझ्यासाठी जो सुंदर फोटो, तो त्याच्यासाठी पत्ता होता. पूर्वी मासळीला दिष्ट लागते म्हणत, आता मोबाइलवर टाकू नका म्हणतात. मला तरी यात फार फरक दिसत नाही. कारण दोन्हीत सांगणं हेच, की आमचं भाग्य लांबच्या माणसाला दिसू नये.

कायद्याचं विचाराल तर कायदा बराचसा माझ्या बाजूने आहे. सार्वजनिक जागेत दिसणार्‍या माणसाचा फोटो काढायला सरसकट बंदी करणारा कायदा आपल्याकडे नाही. 1923 च्या सरकारी गुपितांच्या कायद्याने काही जागा निषिद्ध आहेत, बाईचे खासगी क्षण चोरून टिपणं हा गुन्हा आहे (2013 मध्ये दंडसंहितेत आला, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 77), आणि 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. पण रस्त्यावरच्या साध्या फोटोपुरतं ते सगळं अजून धूसरच आहे. न्यूयॉर्कमध्ये एका सनातनी ज्यू आजोबांनी, टाइम्स स्क्वेअरमध्ये चालताना आपला फोटो न विचारता काढला आणि हजारो डॉलरना विकला म्हणून डिकॉर्सिया या छायाचित्रकारावर खटला भरला. प्रतिमा करणं त्यांच्या धर्माविरुद्ध होतं. 2006 मध्ये ते हरले. कोर्ट म्हणालं, ही कला आहे. निकाल बरोबरही असेल. पण मालवणच्या बाजारात कुणी हरकत घेतली आणि मी कायदा सांगायला लागले तर त्याच क्षणी मी सर्वेवाल्यांच्या रांगेत जाऊन बसेन.

या सगळ्या वाचनात मला सगळ्यात धरून ठेवलं ते कनू गांधींनी. गांधीजींच्या पुतण्याचा हा मुलगा सेवाग्रामला राहायचा. त्याला फोटो काढायचे होते. घनश्यामदास बिर्लांनी कॅमेर्‍यासाठी 100 रुपये दिले. गांधीजींनी परवानगी दिली, पण अटी घालून: फ्लॅश वापरायचा नाही, मी तुझ्यासाठी उभा राहणार नाही, आणि आश्रम पैसे देणार नाही. या अटींत राहून कनूने दहाएक वर्षं जे फोटो काढले त्यांतले कितीतरी आपण पाहिलेले असतात, फक्त नाव माहीत नसतं. पाठमोरे गांधीजी, वजनकाट्यावरचे गांधीजी, टेलिफोन कानाला लावलेले. जगातल्या सगळ्यात जास्त फोटो निघालेल्या माणसांपैकी एक, आणि त्याच्या सगळ्यात जवळ असलेला फोटोग्राफर. पण 22 फेब्रुवारी 1944 ला पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा गेल्या, त्या गांधीजींच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेल्या होत्या, आणि कनू तिथे होता. त्या क्षणाचा फोटो त्याला काढू दिला नाही.

मी आगाखान पॅलेसमध्ये ती खोली बघितलीय. तिथे उभं राहिल्यावर प्रत्येक जण मोबाइल काढतो.

माझी हल्लीची पद्धत साधी आहे. विचारून काढलेल्या फोटोंत लोक ताठ उभे राहतात हे खरं, पण दहा मिनिटं तिथेच रेंगाळलं की ते तुम्हाला विसरतात आणि पुन्हा मासे मोजायला लागतात. कुणी ‘नको’ म्हटलं तर वाद नाही. काढला असेल तर समोर पुसायचा. पुढच्या खेपेला छापील प्रती घेऊन जायच्या, मोबाइलवर पाठवायच्या नाहीत. छापलेला फोटो माणसाच्या हातात राहतो, पुढे कुठे फिरत नाही. बाजारातल्या कोळणी आता मला बघून ‘माझो खंय?’ विचारतात, आणि नसेल तर मासे महाग देतात. नारळी पौर्णिमेला बंदरावर बायका नारळ लढवतात तेव्हा तर त्याच मला ढकलून पुढे उभं करतात, ‘नीट काढ गो’ म्हणून.

दांडीवरचे ते रापणकर काही वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या मुलाने मामाकडून माझा नंबर घेतला आणि फोन केला. आबांचा रापणीवरचा एखादा फोटो तुमच्याकडे आहे का, तेरावं आहे, भिंतीवर लावायला हवाय, घरात एकही धड नाही. मी त्याला काय झालं होतं ते सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, हां, आबा असेच होते. पुढच्या मे महिन्यात मी त्यांच्याकडे गेले. ओळखपत्रावरचा तो इवलासा सरकारी फोटो त्यांनी मोठा करून आणला होता. चेहरा जरा फुटलेला, मागे निळा पडदा, आणि आबा थेट समोर बघतायत. हार ताजा होता.